ध्वनिसाधनांतील रेडिओ-व्यत्यय
रेडिओ ऐकण्यासाठी न बनवलेल्या घरगुती साधनातून (ॲम्प्लिफायर, ग्रामोफोन, संगणकाचे स्पीकर, इंटरकॉम इ.) जवळपासच्या प्रक्षेपकाचे बोलणे, खरखर किंवा गुणगुण ऐकू येणे. तक्रार बहुधा प्रक्षेपकाविरुद्ध होते. प्रत्यक्षात प्रक्षेपक नियमात चालत असला तरी व्यत्यय येऊ शकतो, कारण नको असलेली लहर अडवण्याची सोय ऐकणाऱ्या साधनातच नसते.

कारण : स्पीकरची किंवा माइकची तार अँटेनाचे काम करते. २७ मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे ११ मीटर असते. तिचा चतुर्थांश पावणेतीन मीटर, म्हणजे दिवाणखान्यातल्या स्पीकरच्या तारेएवढा. तारेत उमटलेला उच्च कंप्रतेचा प्रवाह ट्रान्झिस्टरपर्यंत पोचला, की तिथल्या अर्धसंवाहक संधीत त्याचे एकदिशीकरण होते. लहरीवर स्वार झालेला आवाज असा सुटा होतो आणि ॲम्प्लिफायर तो इमानाने मोठा करतो. स्पीकरची तार ॲम्प्लिफायरच्या बाहेर जाणारी असली तरी फीडबॅकच्या मार्गाने लहर उलटी आत शिरते. ग्रामोफोनच्या सुईकडून येणारा संकेत जेमतेम काही मिलिव्होल्टचा असल्याने ती जागा विशेष नाजूक.

काय ऐकू येते, हे प्रक्षेपणाच्या प्रकारावर ठरते. एएम असेल तर शब्द स्पष्ट कळतात. हौशी रेडिओचालक वापरतात त्या एसएसबी पद्धतीत वाहक लहर दाबलेली असल्यामुळे बोलणे चिरकलेले, अर्थहीन येते. एफएममध्ये लहरीची उंची बदलत नाही. म्हणून बहुधा शब्द येत नाहीत, मात्र प्रक्षेपण सुरू किंवा बंद होताना टक्‌ असा आवाज होतो, कधी मूळ संगीतच दबते.

मोबाइलची टर्रटर्र : भारतात मोबाइल सेवा १९९५ मध्ये सुरू झाली आणि पुढे हा व्यत्यय घरोघरी ओळखीचा झाला. जीएसएम पद्धतीत ४.६१५ मिलिसेकंदांच्या चौकटीचे आठ भाग असतात आणि बोलताना फोन त्यांपैकी एकाच भागात लहर सोडतो. म्हणजे सेकंदाला सुमारे २१७ वेळा चालू-बंद. मूळ लहर ९०० किंवा १८०० मेगाहर्ट्‌झची, कानाच्या पलीकडची. पण ही चालू-बंद ठेका धरून कानाच्या टप्प्यात येते. घंटी वाजण्याच्या क्षणभर आधीच स्पीकर टर्रटर्र करू लागतो, तो फोन टॉवरला उत्तर देत असतो म्हणून. ९०० मेगाहर्ट्‌झवर फोनची कमाल शक्ती २ वॅट आहे. त्या शक्तीला १ मीटरवर हिशेबाने ७ ते १० व्होल्ट प्रति मीटर एवढे क्षेत्र मिळते, तर निवासी साधनांच्या युरोपीय सर्वसाधारण मानकातील चाचणी ३ व्होल्ट प्रति मीटरची. चाचणीत उतरलेले साधनही फोन शेजारी ठेवल्यावर का कुरकुरते, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. ३जी फोन अखंड लहर सोडत असल्याने ही टर्रटर्र त्यात जवळजवळ नाहीशी झाली.

निदान : आवाजाची खुंटी पूर्ण खाली करावी. व्यत्यय तसाच राहिला तर तो खुंटीच्या पुढे, बहुधा स्पीकरच्या तारेतून शिरतो आहे. खुंटीबरोबर कमी-जास्त झाला तर तो आधीच्या टप्प्यातला. मग एकेक तार काढून पाहावी.

उपाय : सर्वांत खात्रीचा उपाय फेराइटच्या कड्याचा. स्पीकरच्या दोन्ही तारा एकत्र धरून कड्यावर गुंडाळाव्यात. दोन्ही तारांत संगीताचा प्रवाह परस्परविरुद्ध दिशेने जातो, त्यामुळे संगीताला अडथळा होत नाही. दोन्हींत एकाच दिशेने आलेली रेडिओ लहर मात्र अडते. हा अडथळा एका मर्यादेपर्यंत वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून तारेवर चापाने बसवायची फेराइटची एकवेढी गुटी लघुलहरींवर फारशी चालत नाही. नुसती भूजोडणी केल्याने क्वचितच गुण येतो. स्पीकरच्या टोकांना कपॅसिटर जोडण्याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत, कारण काही ॲम्प्लिफायर त्यामुळे अस्थिर होतात.

कायदा : अमेरिकेत १९७० च्या दशकात सिटिझन्स बँड रेडिओचा (२७ मेगाहर्ट्‌झ, एएमवर ४ वॅट) प्रसार झाला आणि तक्रारी वाढल्या. १९८२ मध्ये तेथील काँग्रेसने घरगुती साधनांची व्यत्यय-प्रतिकारक्षमता ठरवण्याचा अधिकार फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनला दिला. आयोगाने सक्ती न करता उत्पादकांच्या स्वेच्छेवर भर दिला, आणि भुर्दंड ग्राहकावर व शेजारच्या हौशी चालकावर पडत राहिला. युरोपने उलट वाट धरली. तेथे ८९/३३६ या निर्देशानुसार १ जानेवारी १९९६ पासून प्रतिकारक्षमता बंधनकारक झाली. दोन-चार कपॅसिटर आणि फेराइटचे मणी कारखान्यातच बसवणे हा सर्वांत स्वस्त मार्ग असल्याने युरोपीय धोरण अधिक न्याय्य म्हणावे लागते.

भारतात रेडिओ लहरींवरील देखरेख दूरसंचार विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनकडे आहे.

श्रवणयंत्रे : यांच्या व्यत्यय-प्रतिकारक्षमतेसाठी आयईसी ६०११८-१३ हे स्वतंत्र मानक आहे.