चालणाऱ्यांची विद्या

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत गेलेल्या शेतकऱ्यांत सुरगाणा तालुक्यातील आदिवासी होते, म्हातारी माणसेही होती. अशा माणसाला अर्धांगाचा सौम्य झटका येतो, तासाभरात ओसरतो. तो मोठ्या झटक्याचा इशारा असतो. तत्काळ इस्पितळ गाठले पाहिजे. ओसरल्यावरही पाय कधी डळमळतात. तोल परत येतो तो सरावाने : उठबस करणे, एकेका पायावर भार घेणे, आधाराने चालणे. ही विद्या मुंबईत १९५३ साली के. ई. एम. रुग्णालयात शिकवू लागले. १९५५ साली पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्थाही मुंबईतच निघाली. सुरगाण्याचा माणूस मुंबईपर्यंत चालत गेला. आता त्या विद्येने त्याच्या पाड्यापर्यंत चालत यावे, एवढीच आमची मागणी आहे.