डबाबंद भाज्या की सुका मेवा : अंगात नेमकं काय जातं?

भालकी, बसवकल्याण, औराद, आळंदकडच्या घरांत दोन्ही वस्तू आता सवयीच्या झाल्या आहेत. लग्नाच्या पंगतीला आचारी मटार, मशरूम, बेबी कॉर्नचे डबे फोडतो. बाळंतिणीच्या लाडवात खारीक हवीच आणि रमजानात खजुराचे ढीग लागतात. यात "पौष्टिक" कोणतं, असं विचारलं की बहुतेक जण सुक्या मेव्याकडे बोट दाखवतात. ते अर्धंच खरं आहे.

आधी पाण्याचा हिशेब पाहू. सुमारे चार किलो द्राक्षांतून एक किलो बेदाणा निघतो. पाणी उडतं, साखर मागे राहते. म्हणून १०० ग्रॅम बेदाण्यात जवळपास ३०० कॅलरी आणि ६० ग्रॅमच्या आसपास साखर असते. डब्यातल्या, पाणी निथळलेल्या तेवढ्याच मटारात सुमारे ७० कॅलरी, चार ग्रॅमच्या वर प्रथिनं आणि जवळपास तेवढाच तंतू मिळतो. वजनाला वजन लावून तुलना केली तर बेदाणा जड वाटतो, पण मटार वाटीभर खाल्ले जातात आणि बेदाणे मूठभर.

खरा घोळ रक्ताच्या बाबतीत होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार कर्नाटकात १५ ते ४९ वयाच्या सुमारे ४८ टक्के महिलांना आणि पाच वर्षांखालील ६५ टक्के बालकांना रक्तक्षय होता. "रोज मनुका खा, रक्त वाढेल" हा सल्ला इथे सर्रास मिळतो. प्रौढ महिलेला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत आहे. ३० ग्रॅम बेदाण्यातून मिळतं जेमतेम अर्धा-पाऊण मिलिग्रॅम. खजुराचंही फार वेगळं नाही. डबाबंद मटारातलं लोहही थोडंच. म्हणजे हिमोग्लोबिन कमी निघालं तर मनुक्यावर विसंबून चालायचं नाही. आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घ्यायच्या, जेवणात लिंबू पिळायचं आणि जेवणाला लागून चहा टाळायचा.

डब्याचा दोष वेगळा. भाजी बंद डब्यात साधारण ११५ ते १२१ अंश सेल्सिअसला तापवतात, तेव्हा क जीवनसत्त्व आणि ब-१ कमी होतं, काही डब्यातल्या पाण्यात उतरतं. ताज्या मटारात १०० ग्रॅमला ४० मिलिग्रॅमच्या आसपास असलेलं क जीवनसत्त्व डब्यात दहाच्या घरात येतं. (बेदाण्यात तर ते दोन-तीनच असतं.) टोमॅटोचं मात्र उलटं आहे. शिजवलेल्या प्युरीतलं लायकोपीन शरीराला सहज घेता येतं.

शिवाय मीठ. खारवलेल्या मटारात १०० ग्रॅममागे अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असू शकतं. पाणी फेकून मटार नळाखाली चांगले धुतले की त्यातलं बरंच निघून जातं. बीपीवाल्यांनी एवढं करावंच. शुगरवाल्यांना अडचण बेदाण्याची, आणि पिवळाधमक बेदाणा गंधकाची धुरी देऊन तयार होतो, दमेकऱ्यांना तो त्रास देऊ शकतो.

डबा घेताना निव्वळ वजनासोबत पाणी काढल्यानंतरचं वजनही वाचा, नाहीतर पैसे पाण्याचे जातात. लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असतं, मराठी-कन्नड वाचणाऱ्या आजीला ते घरातल्या पोरांनीच वाचून दाखवावं लागतं. फुगलेला किंवा गळका डबा फोडायचाच नाही, चव घेऊनही पाहायची नाही. त्यात बोट्युलिझमचं विष असू शकतं.

आणि आपल्या भागात तिसरा पर्याय कधीपासून आहेच. हिवाळ्यात खुडलेली हरभऱ्याची भाजी सावलीत वाळवून ठेवायची आणि उन्हाळ्यात भाजी मिळेनाशी झाली की तुरीच्या डाळीत घालून शिजवायची. वाळवताना क जीवनसत्त्व जातं, पण लोह आणि कॅल्शियम राहतं, साखरेचा प्रश्न नाही आणि मीठ आपल्याच हातात. उदगीर-उमरग्याच्या घरांतही हीच भाजी डब्यात भरून ठेवतात, फक्त तो डबा पत्र्याचा आणि घरचा असतो.