खाण्याच्या विकारातून बरे होताना जेवणाची घडी कशी बसवावी?

एनोरेक्झिया, बुलिमिया किंवा बिंज ईटिंग यांपैकी कोणत्याही विकाराचे उपचार सुरू झाले की रुग्ण आणि नातेवाईक पहिल्यांदा विचारतात, ‘डॉक्टर, आता काय खायचे?’ ‘वेळेवर खा’ हे उत्तर बहुतेकांना अपुरे वाटते. पण सुरुवातीच्या आठवड्यांत ताटात काय आहे यापेक्षा ताट ठरल्या वेळी समोर येते की नाही, याला जास्त महत्त्व असते.

घाई करण्यापूर्वी

वजन फार कमी झाले असेल किंवा बरेच दिवस जवळजवळ काहीच खाल्ले नसेल, तर घरच्या घरी एकदम भरपूर खायला घालू नका. उपाशी शरीराला अचानक जास्त अन्न मिळाले की रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने उतरू शकते. त्याचा परिणाम हृदयावर होतो. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात आणि तो जिवावर बेतू शकतो. घरचे लोक प्रेमापोटी तूप, डिंकाचे लाडू आणि दोन्ही वेळा आग्रह सुरू करतात. अशा रुग्णाची आधी रक्ततपासणी आणि ईसीजी करून घ्या. आहार किती आणि कसा वाढवायचा हे डॉक्टरांना ठरवू द्या. वारंवार उलट्या करणाऱ्या किंवा जुलाबाच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाचे वजन नेहमीसारखे दिसले, तरी पोटॅशियम तपासावेच लागते.

भुकेवर भरवसा का ठेवायचा नाही?

‘भूक लागेल तेव्हा खा’ हा सल्ला निरोगी माणसासाठी ठीक आहे. या आजारात भुकेची आणि पोट भरल्याची जाणीव बिघडलेली असते.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अपुऱ्या आहारावर ठेवले होते. त्यांना आधी खाण्याचा कोणताही विकार नव्हता. तरीही ते दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, चिडचिडे झाले आणि लोकांत मिसळेनासे झाले. पुन्हा अन्न मिळू लागल्यावर काहींना किती खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटत नव्हते. म्हणजे तुमच्या डोक्यात सतत फिरणारे अन्नाचे विचार हा तुमचा हावरटपणा नाही. उपासमारीचा तो परिणाम असू शकतो.

बुलिमिया आणि बिंज ईटिंगमध्येही हेच चक्र दिसते. दिवसभर टाळायचे, संध्याकाळी ताबा सुटायचा, मग अपराधी वाटून दुसऱ्या दिवशी पुन्हा टाळायचे. हे चक्र तोडण्याची जागा रात्र नाही, सकाळ आहे.

घड्याळ लावा

तीन जेवणे आणि मधली दोन किंवा तीन खाणी ठेवा. दोन खाण्यांत तीन ते चार तासांहून जास्त अंतर पडू देऊ नका. बोलण्यावर आधारित उपचारपद्धतीत, म्हणजे सीबीटीमध्ये, हा अगदी सुरुवातीचा टप्पा असतो.

वसमत परिसरात हे वाटते तितके सोपे नाही. अनेक शेतकरी घरांत शेतावर जाण्याआधी एक आणि रात्री एक असे दोनदाच पोटभर जेवण होते, मधे नुसता चहा. हळद काढून शिजवण्याच्या दिवसांत तर घरातले वेळापत्रक पारच कोलमडते. बाकीच्यांना ते चालून जाते, पण बरे होणाऱ्या रुग्णाला चालत नाही. त्याच्यासाठी घरात वेगळे घड्याळ लावावे लागेल, निदान काही महिने.

वेगळा स्वयंपाक मात्र करावा लागत नाही. सकाळी आठला सुशीला किंवा पोहे आणि कपभर दूध. अकराला केळे किंवा मूठभर शेंगदाणे-गूळ. दीडला भाकरी, भाजी, वरण-भात, दही. साडेचारला चहासोबत दशमी किंवा लाडू. आठला जेवण. झोपण्यापूर्वी हवे तर दूध. त्यात आपल्याकडची मानांकन मिळालेली हळद घातली तरी हरकत नाही, पण तिला या विकाराचे औषध समजू नका आणि जेवणाऐवजी पिऊ नका. प्रत्येकाचे प्रमाण वेगळे असते, ते आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या.

नांदेडला किंवा आणखी कुठे होस्टेलवर राहत असाल, तर मेसच्या दोन वेळांवर विसंबू नका. सकाळचे आणि साडेचारचे खाणे खोलीतच ठेवा.

पहिले काही आठवडे थोडे खाल्ले तरी पोट फुगते, गच्च वाटते. उपासमारीत जठर मंदावलेले असते, त्यामुळे असे होते. नियमित खाण्यानेच ते पुन्हा पूर्ववत होते. या टप्प्यावर ‘मला पचतच नाही’ म्हणून पुष्कळ जण माघार घेतात. पोट फुगल्याला वजन वाढले असे समजू नका.

एक वही ठेवा. त्यात वेळ, काय खाल्ले आणि तेव्हा मनात काय चालले होते, एवढेच लिहा. कॅलरी लिहू नका, त्या मोजणारे ॲपही काढून टाका. वजन रोज पाहू नका, डॉक्टर सांगतील तेव्हाच पाहा.

घडी मोडली तर

मोडणार, हे गृहीत धरा. रात्री अति खाल्ले गेले तरी दुसऱ्या दिवशीचा नाश्ता ठरल्या वेळीच करा. ‘भरपाई’ म्हणून उपास केला की चक्र पुन्हा सुरू होते. उलटी झालीच तर लगेच ब्रश करू नका, आम्लामुळे मऊ झालेले दातांचे आवरण घासले जाते. पाण्याने चूळ भरा.

श्रावण, नवरात्र, एकादशी हा नाजूक विषय आहे. एनोरेक्झियाच्या रुग्णाला उपास म्हणजे न खाण्याची सर्वमान्य सबब मिळते. आजाऱ्याने उपास सोडला तर दोष लागत नाही, हे घरातल्या मोठ्या माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगावे. आजी सांगते तेव्हा ते जितके पटते, तितके माझ्या सांगण्याने पटत नाही.

घरच्यांसाठी

रुग्ण किशोरवयीन असेल तर काय आणि किती वाढायचे हे काही काळ आई-वडिलांनी ठरवणे, ही मान्यता मिळालेली उपचारपद्धती आहे. सोबत बसून जेवा. ताटावर वाद घालू नका. जेवणानंतर तासभर गप्पा, पत्ते, टीव्ही, काहीही चालेल, पण एकटे सोडू नका. लग्नसराईत काकू-आत्या ‘किती वाळलीस गं’ किंवा ‘आता अंगावर आलीस’ म्हणतात. दोन्ही वाक्ये सारखीच बोचतात. आधीच त्यांना बाजूला घेऊन सांगा. मुलग्यांनाही हा आजार होतो, फक्त तो ‘जिमचे वेड’ म्हणून खपून जातो.

डॉक्टरांकडे ताबडतोब केव्हा जावे?

चक्कर येऊन पडणे, छातीत धडधड, पायांवर सूज, धाप, गोंधळल्यासारखे वागणे, उलटीत रक्त किंवा जगणे नको असे बोलणे, यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. एरवी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग वसमतपासून जवळ आहे. जायला संकोच वाटत असेल तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मराठीत बोलता येते. रुग्ण तयार नसेल, तर पहिला फोन तुम्ही करा.