मालगुजारी मुलखातील दुष्काळाचे पूर्वनियोजन
कोहळी समाजाच्या तलावबांधणीसाठी ओळखला जाणारा नवेगावबांधचा परिसर, म्हणजे आजचा अर्जुनी मोरगाव तालुका, ब्रिटिश अमदानीत मध्य प्रांतातील भंडारा जिल्ह्यात मोडत असे. 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती 'दुष्काळ संहिता', म्हणजे संकटात कोणी केव्हा काय करावे हे आधीच ठरवून देणारी नियमावली, तयार झाली. तीत लोकांची निकड अजमावणारी चाचणी कामे, पुढे मजुरीची मोठी कामे, अपंग-वृद्धांना मोफत मदत आणि पाऊस परतल्यावर बी-बैलांसाठी तगाई, अर्थात सरकारी कर्ज, असा क्रम होता. तरीही 1896-97 मध्ये मध्य प्रांतात मदत उशिरा पोचली आणि माणसे फार मेली. नियम कागदावर असणे पुरेसे नव्हते, हे त्यातून उघड झाले. 1901 च्या मॅकडोनेल आयोगाने म्हणूनच वेळीच तयारी करण्यावर आणि लोकांचा धीर टिकवण्यावर भर दिला. नवेगावबांधच्या या धानपट्ट्यात मदतकामांपैकी तलावांची दुरुस्ती सर्वांत मोलाची, कारण ती आज मजुरी देते आणि उद्याचे पीक वाचवते. अशा तयारीसाठी 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा आराखडा बंधनकारक केला आहे. हा तालुका आज ज्या जिल्ह्यात आहे त्या गोंदियाच्या आराखड्यात माजी मालगुजारी तलावांना, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या (सरकारला सारा भरणाऱ्या जमीनमालकांच्या) ताब्यात असलेल्या तलावांना, अग्रस्थान मिळायलाच हवे.