करार फाडला जातो तेव्हा : श्रीलंकेतील हिंसेची मुळे

श्रीलंकेतील यादवीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : सिंहली आणि तमिळ यांचे वैर दोन हजार वर्षांचे आहे. हे वाक्य सर्वांच्याच सोयीचे आहे. वैर इतके जुने असेल तर कोणा एका पिढीवर, पक्षावर किंवा कायद्यावर दोष येत नाही. पण मोठ्या हिंसेच्या मुळाशी गेले तर तिथे पुरातन वैर क्वचितच सापडते. बहुधा सापडतात ते तारीख घातलेले कागद. श्रीलंकेचे कागद आपण आज क्रमाने पाहू. आपल्यासारख्या, परभाषिक मुलखात पिढ्यानपिढ्या नांदलेल्या घरांना त्यात ओळखीचे बरेच दिसेल.

आधी त्या पुरातन वैराविषयी. ‘महावंस’ या पाली बखरीत दुट्टगामणी या सिंहली राजाने एळार या तमिळ राजाला युद्धात मारल्याची कथा आहे. विसाव्या शतकातील प्रचारकांनी तेवढीच उचलली. त्याच कथेत पुढे विजेता राजा शत्रूचे स्मारक बांधतो आणि तिथून जाणाऱ्यांनी त्याला मान द्यावा अशी आज्ञा करतो; हा भाग मात्र सभांतून गळला. १८१५ साली इंग्रजांनी कँडीचे राज्य घेतले, तेव्हा तिथल्या गादीवर दक्षिण भारतातून आलेल्या नायक्कर घराण्यातील राजा होता आणि तो बौद्ध धर्माचा आश्रयदाता म्हणून राज्य करीत होता. लढाया होत, सोयरिकीही होत. भाषेवरून शेजाऱ्याचे घर जाळण्याची रीत तेव्हाची नव्हे.

इंग्रजी अमदानीत कारभाराची भाषा इंग्रजी झाली आणि सरकारी नोकरी हा प्रतिष्ठेचा व पोटाचा मुख्य मार्ग ठरला. उत्तरेकडील जाफना द्वीपकल्पाची जमीन कोरडी; तिथे बारमाही नदी नाही. शेतीवर भागत नाही म्हणून तिथल्या तमिळ कुटुंबांनी मुलांना अमेरिकन मिशनच्या आणि इतर इंग्रजी शाळांत घातले. परिणामी स्वातंत्र्याच्या वेळी सरकारी नोकऱ्यांत त्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने जास्त होते. सिंहली खेड्यातल्या, देशी भाषेत शिकलेल्या हुशार मुलाला कचेरीचे दार बंद होते. त्याची तक्रार खरी होती. मात्र तेच दार तमिळ खेड्यातल्या मुलालाही बंदच होते. म्हणून आरंभी मागणी होती ती ‘स्वभाषे’ची. १९४४ साली कायदेमंडळात जे. आर. जयवर्धने यांनी मांडलेला ठराव दुरुस्तीसह संमत झाला आणि त्यात इंग्रजीच्या जागी सिंहली व तमिळ अशा दोन्ही भाषा आल्या. ही न्याय्य वाट होती आणि सर्वांना दिसतही होती.

मग ती सुटली कशी? देश ४ फेब्रुवारी १९४८ रोजी स्वतंत्र झाला. त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने चहामळ्यांत राबणाऱ्या, भारतातून नेलेल्या तमिळ मजुरांपैकी बहुतेकांना परके ठरवले आणि पुढच्या वर्षी त्यांचा मताधिकारही गेला. ज्यांना मत नाही त्यांच्याकडे पुढारी फिरकत नाहीत. राहिलेल्या मतदारांत सिंहलींचे पारडे आणखी जड झाले. सिंहली समाजात मोठे पक्ष दोन, आणि त्यांची झुंज एकाच मतपेटीसाठी. एकाने थोडे मागितले की दुसऱ्याने अधिक मागायचे, असा तो लिलाव होता. ऑक्सफर्डला शिकलेले, ख्रिस्ती घरात वाढून बौद्ध झालेले एस. डब्ल्यू. आर. डी. बंदरनायके ‘फक्त सिंहली’ म्हणू लागले. प्रतिपक्षाने १९५६ च्या निवडणुकीआधी घाईने तीच घोषणा उचलली, पण लिलाव बंदरनायके जिंकले.

१९५६ च्या जूनमध्ये ‘फक्त सिंहली’चा कायदा आला. कोलंबोत समुद्रकाठच्या मैदानावर तमिळ खासदार व कार्यकर्ते सत्याग्रहाला बसले. जमावाने त्यांना मारहाण केली. पोलीस जवळच उभे होते. पूर्वेकडील गल ओया खोऱ्यात तर माणसे मारली गेली. यातून दोन्ही बाजूंनी धडा घेतला. जमावाला कळले की शिक्षा होत नाही. सत्याग्रह्यांच्या मुलांना कळले की सत्याग्रहाने काही मिळत नाही. पुढच्या अर्ध्या शतकाचा इतिहास या दोन धड्यांचा आहे.

तरीही वाट परत सापडली होती. जुलै १९५७ मध्ये बंदरनायके आणि तमिळ नेते चेल्वनायकम् यांनी करार केला. उत्तर-पूर्वेत कारभार तमिळमध्ये आणि प्रादेशिक मंडळांना काही अधिकार, एवढेच त्यात होते. देश फुटेल असे काही नव्हते. पण आता विरोधात असलेल्या जयवर्धन्यांनी कराराविरुद्ध कँडीकडे पदयात्रा काढली. एप्रिल १९५८ मध्ये भिक्षूंनी पंतप्रधानांच्या घरासमोर ठाण मांडले आणि पंतप्रधानांनी करार मोडला. पुढच्याच महिन्यात दंगल पेटली, आणीबाणी आली आणि हजारो तमिळांना जहाजांत बसवून उत्तरेस पाठवावे लागले. सरकारनेच आपल्या नागरिकांना आपल्याच देशात ‘त्यांच्या मुलखात’ पोहोचवले. वेगळ्या राष्ट्राचा नकाशा पहिल्यांदा काढला तो अशा रीतीने. १९५९ साली बंदरनायक्यांवर एका भिक्षूने गोळ्या झाडल्या. कटाबद्दल ज्या विहाराधिपतीला शिक्षा झाली, त्याचाच त्यांना सत्तेवर आणण्यात मोठा वाटा होता. पेटवलेली आग पेटवणाऱ्याला ओळखत नाही.

१९६५ साली दुसऱ्या पक्षानेही चेल्वनायकम् यांच्याशी करार केला. तोही पाळला गेला नाही. विद्यापीठ प्रवेशासाठी १९७१ पासून तमिळ विद्यार्थ्यांना अधिक गुण लागू लागले. १९७२ च्या राज्यघटनेने बौद्ध धर्माला अग्रस्थान दिले आणि अल्पसंख्याकांसाठी जुन्या घटनेत असलेले संरक्षण वगळले. मे १९७६ मध्ये वड्डुकोट्टै येथे तमिळ पक्षांनी वेगळ्या राष्ट्राचा ठराव केला. संघराज्य मागणारा पक्ष स्वतंत्र राष्ट्र मागू लागायला वीस वर्षे लागली, हे विसरू नये.

आणि ज्यांच्या नावाने हे सारे झाले त्या सिंहली खेड्यातल्या मुलाला काय मिळाले? सिंहलीत शिकून तो पदवीधर झाला, पण नोकऱ्या तेवढ्या नव्हत्याच. एप्रिल १९७१ मध्ये अशाच हजारो सिंहली तरुणांनी बंड केले आणि सिंहली सरकारनेच ते चिरडले. १९८७ ते १९८९ मध्ये पुन्हा तेच, त्याहून भीषण रूपात घडले.

दुसऱ्या बाजूलाही तोच हिशेब लागू पडला. ३१ मे १९८१ च्या रात्री जाफन्याचे सार्वजनिक वाचनालय जाळण्यात आले. सुमारे ९७ हजार ग्रंथ व ताडपत्रे राख झाली. २३ जुलै १९८३ रोजी तमिळ वाघांनी १३ सैनिक मारले आणि कोलंबोत हत्याकांड सुरू झाले. मतदारयाद्या हाती घेऊन जमाव तमिळ घरे शोधीत होता. अध्यक्ष जयवर्धने चार दिवसांनी दूरचित्रवाणीवर बोलले, पण बळी पडलेल्यांसाठी त्यांच्या तोंडी सहानुभूतीचा शब्द नव्हता. १९४४ चा ठराव, १९५७ ची पदयात्रा आणि १९८३ चे मौन हे एकाच माणसाचे. त्यानंतर बंदुकीची सद्दी आली. वाघांनी वाटाघाटी करणारे तमिळ नेते वेचून मारले. अमृतलिंगम् १९८९ मध्ये गेले. १९९० मध्ये त्यांनी उत्तरेतील तमिळभाषी मुसलमानांना घरांतून हाकलले. १९९१ मध्ये राजीव गांधींचा बळी घेतला. मे २००९ मध्ये युद्ध संपले ते मुल्लैत्तीवूच्या किनाऱ्यावर, हजारो निरपराधांच्या प्रेतांवर. विशेष असे की तमिळलाही राजभाषेचा दर्जा देणारी घटनादुरुस्ती १९८७ मध्येच झाली होती. जे १९४४ मध्ये एका ठरावाने मिळत होते, ते एवढ्या रक्तपातानंतर कागदावर आले.

आता १९५६ हे साल पुन्हा आठवा. त्याच वर्षी भारतात राज्य पुनर्रचना झाली आणि १ नोव्हेंबरला नवा नकाशा आला. बेळगावकरांना ती तारीख सांगायला नको. पण त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने ‘३५० अ’ आणि ‘३५० ब’ ही कलमेही आली : भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय आणि त्यांच्या संरक्षणावर देखरेख करणारा विशेष अधिकारी. इंग्रजीची मुदत १९६५ साली संपायची होती. ती १९६३ च्या कायद्याने वाढवली आणि मद्रासमधील उद्रेकानंतर १९६७ मध्ये आणखी बळकट केली. वेगळ्या राष्ट्राची भाषा बोलणारा द्रविडी पक्ष निवडणूक जिंकून सरकार चालवू लागला. आपल्याकडे वैर कमी होते असे नाही. मागे फिरण्याची वाट उघडी ठेवली गेली, एवढाच फरक.

ही कलमे कागदावरच राहतात, मराठी शाळेला शिक्षक मिळत नाही, अर्ज मराठीत घेतला जात नाही, ही आपल्यातील अनेकांची तक्रार खरी आहे आणि ती मांडत राहिली पाहिजे. सनदशीर तक्रारीची दाद लागते तोवरच तरुण मुले सनदशीर राहतात, हे राज्यकर्त्यांना सांगण्याचा अधिकार आपला आहे. पण याच श्रीलंकेच्या आरशात दुसरीही बाजू पाहावी लागेल. १९६० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत नोकऱ्यांवरून दाक्षिणात्यांच्या खानावळींवर दगड पडले, तेव्हा दगड मारणाऱ्यांची भाषा मराठी होती आणि तक्रारीचा सूर कोलंबोतल्यासारखाच होता. इंदूर, बडोदे, हैदराबाद वा बेळगावात जे आपण मागतो, ते आपले भाऊबंद जिथे बहुसंख्य आहेत तिथे इतरांना देतात की नाही, हे विचारण्याची जागा आपल्याइतकी दुसऱ्या कोणाची नाही. आपण दोन्ही घरांचे आहोत.

श्रीलंकेचे १९५७ मधले चार कागद पाळले गेले असते तर काय झाले असते, हे कोणी सांगू शकत नाही. ते मोडल्यावर काय झाले, हे मात्र समोर आहे. म्हणून आपल्या गावात, आपल्या भाषेत कोणी ‘फक्त’ हा शब्द वापरू लागला, तर त्याच सभेत उठून त्याला हरकत घ्या. पुढच्या सभेपर्यंत थांबू नका.