कुलसंमेलन पंचवटीत : तयारी वर्षभर आधीपासून

एकाच मूळपुरुषाची माणसे आज मुंबई-पुण्यापासून अमेरिकेपर्यंत विखुरलेली असतात. लग्नकार्यात त्यांची गाठ पडते, पण ती अक्षता आणि जेवणापुरतीच. त्यामुळे अनेक मराठी घराणी कुलसंमेलने भरवितात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून छापल्या गेलेल्या कुलवृत्तांतांचीच ही पुढची पायरी. त्यासाठी नाशिकची पंचवटी विशेष सोयीची आहे, कारण अनेक घराण्यांच्या मागील पिढ्यांची नावे येथे लिहून ठेवलेली आहेत.

नामावळीचा शोध

रामकुंडावर येणाऱ्या यात्रेकरूंची नोंद तीर्थोपाध्याय पिढ्यान्‌पिढ्या ठेवत आले आहेत. आडनाव आणि मूळ गाव सांगितले, की त्या घराण्याचे उपाध्याय कोण हे कळते. त्यांच्या वह्यांत आलेल्या व्यक्तीचे नाव, वाडवडील, भाऊ, मुलगे असा तपशील असतो. कधी पणजोबांची स्वाक्षरीही सापडते. जुन्या नोंदी बहुधा मोडी लिपीत असल्याने मोडी वाचणारा जाणकार सोबत न्यावा. संमेलनापूर्वी सहा महिने दोघा-तिघांनी हे काम उरकावे आणि छायाचित्र घेण्याआधी परवानगी विचारावी.

प्रत्येक घराण्याची नोंद येथे मिळेलच असे नाही. काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू करावा लागला, हा याच परिसराचा इतिहास आहे. अशा वेळी शाळेचे दाखले, जन्म-मृत्यूच्या नोंदी, सातबारा व फेरफार उतारे यांवरून वंशावळ जुळविता येते.

लेकी-सुनांची नावे

जुन्या वंशावळी मुलग्यांच्या नावांनी पुढे सरकतात. लेकी लग्नानंतर गळतात, सुनांचे माहेर कोठेच नसते. ही उणीव भरून काढण्याची संधी संमेलनात मिळते. प्रत्येक घराकडून नाव, जन्मवर्ष, माहेर-सासर, गाव व व्यवसाय यांची माहिती मागवावी. ऐंशी ओलांडलेल्या आत्या-काकूंच्या आठवणी संमेलनाची वाट न पाहता आधीच ध्वनिमुद्रित कराव्यात. कोण कोणाची कोण, हे त्यांनाच ठाऊक असते आणि ही माहिती पुन्हा मिळत नाही.

तारीख कोणती?

पावसाळा टाळावा. गोदावरीला पूर आला, की रामकुंड परिसर पाण्याखाली जातो. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कोठवर चढले यावरून नाशिककर पुराची पातळी सांगतात. चैत्रात रामनवमी व रथोत्सवाची गर्दी असते. सिंहस्थाच्या २०२७ मधील पर्वण्यांच्या काळात तर राहण्याची जागा मिळणे दुरापास्त. नाताळची सुटी परदेशस्थांनाही सोयीची ठरते. मात्र नाशिकची पहाटेची थंडी ध्यानात घेऊन वृद्धांसाठी गरम पाणी व तळमजल्यावरील खोल्या राखून ठेवाव्यात. लग्नाच्या तिथी वगळून मंगल कार्यालय लवकर ठरवावे. नाशिकरोड स्थानक पंचवटीपासून सुमारे दहा किलोमीटरवर असल्याने वाहनांची व्यवस्था आधीच करावी.

पैशांचा हिशेब

वर्गणी माणशी ठरवावी आणि लहान मुलांना सूट द्यावी. ज्यांना ती झेपणार नाही त्यांचा भार इतरांनी गुपचूप उचलावा. देणग्यांची जाहीर वाचने करू नयेत. पैशाअभावी एखादे घर आलेच नाही, तर संमेलनाचा हेतूच फसतो. हिशेब एकाकडे, तपासणी दुसऱ्याकडे असावी.

कार्यक्रम आटोपशीर

दोन दिवस पुरेसे आहेत. सकाळी पूजा, मग शाखांनुसार ओळख, दुपारी पंगत. पंगतीत शाखा मुद्दाम मिसळून बसवाव्यात. भिंतीवर मोठी वंशावळ लावून मुलांना आपले नाव शोधायला सांगावे. भाषणे व सत्कार मोजकेच ठेवून गप्पांना मोकळा वेळ द्यावा. काळाराम मंदिर, सीतागुंफा आणि रामकुंड पायी पाहता येतात.

संमेलनानंतर

महिनाभरात दुरुस्त वंशावळीची प्रत प्रत्येक घरी पोहोचवावी. हयात व्यक्तींचे पत्ते व दूरध्वनी क्रमांक मात्र त्यांच्या संमतीशिवाय छापू नयेत. परतण्यापूर्वी उपाध्यायांच्या वहीत आपल्या पिढीची नवी नोंद करावी आणि त्यात लेकी-सुनांची नावेही लिहावीत. शंभर वर्षांनी कोणी ती वही उघडेल, तेव्हा त्याला आपली पणजीही सापडली पाहिजे.