घाट डोंगरावर, नदी खाली

हैदराबादच्या जामबागेतून नागार्जुनसागरला जाणारी आमची सहल पहाटेच निघते. झेंडूची पोती उतरवणाऱ्या टेम्पोंमधून वाट काढत मिनीबस विवेकवर्धिनीच्या फाटकाशी येऊन थांबते, धपाट्यांचे डबे वर चढतात, कुणीतरी हजेरी घेतं आणि कुणाला तरी नेमकी तेव्हाच घरच्या गॅसची शंका येते. इब्राहिमपट्टणम, मल्लेपल्ली करत साधारण दीडशे किलोमीटर. तिथून लाँच. यंदा बसमध्ये इजिप्तचाच विषय होता, कारण एक जोडपं लक्सर ते अस्वान अशी नाईलची क्रूझ करून नुकतंच परतलं होतं. बोटीवरच मुक्काम, काठावर उतरून थडगी नि देवळं बघायची, पुन्हा बोटीवर जेवायला. "आपल्या लाँचमध्ये चहाही मिळायचा नाही," असं त्यातल्या काकांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं. चहाचं ते खरंच, पण या दोन सफरींचं नातं त्याहून जवळचं आहे.

नागार्जुनसागरातल्या नागार्जुनकोंडा बेटावरच्या संग्रहालयाची वाटचाल लिहायची तर तो शब्द शब्दशः घ्यावा लागतो. तिथल्या वस्तू खोऱ्यातून चालून डोंगरावर आल्या आहेत.

हैदराबादकराला थडग्यांचं अप्रूप नाही. कुतुबशाही घुमट आहेत, पैगा घराण्याच्या मकबऱ्यांची जाळीदार कलाकुसर आहे, आणि जामबागेतून रिक्षाने थोड्या वेळात पोचता येईल अशा पब्लिक गार्डनच्या संग्रहालयात तर अस्सल इजिप्शियन ममीही आहे. सहाव्या निजामाचे जावई नजीर नवाज जंग यांनी 1920 च्या सुमारास ती सुमारे 1000 पौंडांना विकत घेतली, सातव्या निजामाला भेट दिली आणि 1930 मध्ये ती संग्रहालयाकडे आली. शाळेच्या सहलीत ममी बघून भेदरलेली दोन-चार मुलं आमच्या प्रत्येक पिढीत निघतात. नागार्जुनकोंड्याची थडगी वेगळी. ती बघायला पाणी ओलांडावं लागतं, आणि हे पाणी मुळात तिथे नव्हतं.

1926 पर्यंत ते कृष्णेकाठचं एक आडबाजूचं खोरं होतं, तिन्ही बाजूंनी डोंगर आणि चौथ्या बाजूला नदी. पुल्लारेड्डीगुडेमसारखी छोटी गावं, लंबाड्यांचे तांडे, झुडपांत पडलेले कोरीव खांब. सुरपराजू वेंकटरामय्या नावाच्या शाळामास्तरांनी अशा एका खांबाची खबर मद्रास सरकारला दिली. मास्तर लोकांवर इतिहासाचे किती उपकार आहेत, याची कुणीतरी एकदा मोजदाद करायला हवी. त्याच वर्षी मार्चमध्ये शिलालेख विभागाचे सरस्वती येऊन जागा पाहून गेले. 1927 ते 1931 पुरातत्त्व खात्याच्या लाँगहर्स्ट यांनी खणलं. मुख्य स्तूपात त्यांना मातीच्या मडक्यात चांदीचा, स्तूपाच्याच आकाराचा करंडक सापडला, त्याच्या आत सोन्याची इवलीशी डबी आणि डबीत अस्थीचा एक तुकडा. स्तूप म्हणजे अखेर समाधीच, हे अशा वेळी जाणवतं. 1938 मध्ये टी. एन. रामचंद्रन खणायला आले.

ही इक्ष्वाकू राजांची राजधानी विजयपुरी होती. काळ तिसऱ्या-चौथ्या शतकाचा, म्हणजे आपल्या पैठणच्या सातवाहनांचा सूर्य मावळल्यानंतरचा. उतरत्या काळातल्या विजय सातकर्णीचा एक लेखही इथेच मिळाला. इक्ष्वाकू राजे स्वतः वैदिक यज्ञ करणारे, आणि त्यांच्या घरच्या बायका बौद्ध विहारांना दान देणाऱ्या. राजा चांतमूलाची बहीण चांतिसिरी हिचा महाचैत्याच्या, म्हणजे त्या मुख्य स्तूपाच्या, दानाचा लेख आजही वाचता येतो. कार्तिकेयाचं देऊळ, अष्टभुजस्वामीचं देऊळ आणि विहार एकाच खोऱ्यात नांदत होते.

मग धरण ठरलं. 10 डिसेंबर 1955 रोजी पंडित नेहरूंनी नागार्जुनसागरची पायाभरणी केली. त्याच्या आदल्या वर्षीच पुरातत्त्व खात्याने आर. सुब्रह्मण्यम यांच्या हाताखाली खास तुकडी खोऱ्यात उतरवली होती. खणायला सहा वर्षं मिळाली, 1954 ते 1960. एरवी हे खातं एका टेकाडावर दोन-दोन पिढ्या काढतं, इथे मात्र तारीख इंजिनियरच्या हातात. शंभराहून अधिक ठिकाणी खोदकाम झालं. अश्मयुगातली हत्यारं, महापाषाणकालीन दफनं, इक्ष्वाकूंचं नगर, क्रीडागार आणि कोंडवीडूच्या रेड्ड्यांच्या काळातला डोंगरकिल्ला असं एकावर एक रचलेलं सगळं एका दमात उलगडावं लागलं. त्यातली 9 वास्तुशिल्पं दगड-विटांसह उचलून नागार्जुन डोंगराच्या माथ्यावर पुन्हा उभी केली. क्रीडागारासारख्या आणखी काहींना पूर्व काठावर अनुपूला जागा दिली. बाकीचं खोरं तसंच सोडून दिलं. गावंही उठली, पण त्यांना कुणी क्रमांक घालून डोंगरावर मांडलं नाही.

समोरच्या काठावर, जुन्या हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत, येलेश्वरम होतं. तिथे राज्याच्या पुरातत्त्व खात्याने अब्दुल वहीद खान यांच्या देखरेखीखाली खणलं आणि महापाषाणकालीन दफनं उघडली. येलेश्वरमही बुडालं. नदी एकच, मृत माणसंही बहुधा एकाच चालीरीतीची, फाइली मात्र दोन दप्तरांत.

संग्रहालय डोंगरमाथ्यावर 1966 मध्ये सुरू झालं आणि 4 ऑगस्ट 1967 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते कालव्यांत पाणी सोडलं गेलं. जलाशय भरला, डोंगर पाण्यातून वर राहिला, त्याचं बेट झालं. आत गेल्यावर माझे पाय थांबतात ते छायाखंभांपाशी. मेलेल्या माणसाची आठवण म्हणून उभारलेले हे चुनखडीचे खांब. राजासाठी उभारले तसे सेनापतीसाठी, शिपायासाठी आणि कारागिरासाठीही. चांतमूलाचा खांब त्याच्या मुलाच्या, वीरपुरुषदत्ताच्या, कारकिर्दीच्या 20 व्या वर्षी घरच्या स्त्रियांनी उभारला आणि त्यावर आपली नावं कोरून घेतली. मराठी माणसाला वीरगळ ओळखीचे असल्याने हे खांब परके वाटत नाहीत. फक्त आपल्या वीरगळावर बहुधा नाव नसतं, इथे रडणाऱ्यांचीसुद्धा नावं आहेत.

इजिप्तचं जवळचं नातं इथे लागतं. अस्वानच्या उंच धरणामुळे न्यूबियातली देवळं बुडणार म्हणून 1960 मध्ये युनेस्कोने जगाला हाक घातली. नागार्जुनकोंड्याचं खोदकाम त्याच वर्षी संपत होतं. 1961-62 च्या हंगामात बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली भारताची तुकडी न्यूबियात आफिये इथे खणायला गेली. अबू सिंबेलची देवळं 1964 ते 1968 मध्ये कापून सुमारे 65 मीटर वर चढवली, फिलाईचं देऊळ 1980 पर्यंत शेजारच्या बेटावर हलवलं. काकांनी क्रूझवर पाहिलेलं फिलाई म्हणजे नागार्जुनकोंड्याचं भावंडच. हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग तिकडं एवढा गाजावाजा नि इकडं काहीच कसं नाही?" एक कारण आपल्या दप्तरात सापडतं. नागार्जुनकोंड्याच्या उत्खनन अहवालाचा पहिला खंड निघाला 1975 मध्ये आणि दुसरा 2006 मध्ये. पाण्याआधी धावणाऱ्यांची घाई छापखान्यापर्यंत पोचली नाही. हे मी रागाने नाही, जरा लाजून लिहितोय, कारण आमच्यातल्या कुणीही ते खंड मागून वाचलेले नाहीत.

2014 नंतर हैदराबाद तेलंगणात आणि बेट आंध्रात गेलं. आमच्यासाठी एवढाच फरक की घरून निघून लाँचने उतरेपर्यंत राज्य बदलतं. शुक्रवारी संग्रहालय बंद असतं, हे विसरून गेलेले लोक काठावर भजी खाऊन परततात. लाँचला पाऊण-एक तास लागतो. मध्ये काहीच दिसत नाही, नुसतं पाणी. उजनीच्या फुगवट्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं तसं इथे होत नाही. विजयपुरी खोल गेली ती गेलीच.

बेटावर आम्ही सगळे एका वास्तूपाशी रेंगाळतो. इक्ष्वाकूंचा स्नानघाट. पायऱ्या, टप्पे, सगळं मूळच्या मापाने डोंगरमाथ्यावर मांडलेलं, ठणठणीत कोरडं. नदी खाली चहूबाजूंनी. वाईची माहेरवाशीण असलेल्या आमच्या एका काकू त्या पायरीवर चपला काढून बसल्या. महाबळेश्वराहून निघून वाई, सांगली, नरसोबाची वाडी करत इथवर आलेली तीच कृष्णा. काकूंनी पर्समधून बाटली काढली, ओंजळभर पाणी पायरीवर ओतलं आणि कुणी बघत तर नाही ना म्हणून मागे वळून पाहिलं. खालून लाँचचा भोंगा झाला.